विस्तवाची जागा, धुराची वाट

आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. स्मरणिकेत इतिहासावर एक तरी लेख असावा, असं समितीचं म्हणणं पडलं. कोल्हापूरचा इतिहास म्हटला की पन्हाळा, अंबाबाईचं देऊळ, शाहू महाराज ही नावं आपोआप येतात. त्यावर अधिकारी माणसांनी पुष्कळ लिहिलंय. मी त्यापेक्षा लहान, पण रोजच्या जगण्यातला विषय घेतो : घरातल्या विस्तवाची जागा. चूल कुठं मांडायची, शेगडी कुठं पेटवायची, बंब कुठं उभा करायचा, हे आपल्या आज्या-पणज्यांना पक्कं ठाऊक होतं. फ्लॅटमध्ये आल्यावर आपण ते विसरलो, कारण गरजच राहिली नाही. आता गॅलऱ्यांत आणि गच्च्यांवर कोळशाच्या ग्रिल यायला लागल्यात आणि तो जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहिलाय. नियम ठरवण्याआधी मागच्यांनी काय केलं, ते बघून घेतलेलं बरं.

आतली चूल आणि अंगणातला खड्डा

सुरुवात जरा लांबून करू. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातली, म्हणजे साधारण इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथं सापडली. कुडामातीची घरं, दोन घरांमध्ये जेमतेम दीड मीटरची बोळ. घराच्या आत रोजच्या रांधण्याची चूल आणि बाहेर अंगणात मोठा लंबगोल खड्डा. हा बाहेरचा खड्डा मांस भाजण्यासाठी असावा, असं अभ्यासकांचं मत आहे.

म्हणजे बघा, जवळजवळ ३ हजार वर्षांपूर्वीच एक वाटणी झालेली दिसते. रोजचा छोटा विस्तव घरात, आणि भाजण्याचा मोठा, धूर-ठिणग्या उडवणारा विस्तव बाहेर. जागा तेव्हाही अडचणीचीच होती. दीड मीटरवर शेजाऱ्याचा कूड आणि वर गवताचं छप्पर असताना जाळ कुठं घालायचा, याचा विचार त्या माणसांना करावाच लागला असणार.

वाड्यातली चूल

कोल्हापूरच्या पेठांतले जुने वाडे ज्यांनी पाहिलेत, त्यांना चुलीची जागा आठवत असेल. वास्तुशास्त्राप्रमाणं स्वयंपाकघर आग्नेयेला, म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या मधल्या कोपऱ्यात. त्यामागं श्रद्धा आहेच, पण आपल्या भागातल्या वाऱ्याशीही ते जुळतं. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडं वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. चूल पूर्वेच्या अंगाला असली, तर धूर घरभर फिरण्याऐवजी बाहेर जातो. दारं-खिडक्या बंद ठेवायच्या दिवसांत ही सोय मोठीच.

चुलीला लागून वैल, चुलीमागं भाणवस. जाळ चुलीत, त्याची उरलेली धग वैलावर, आणि भाणवसावर झाकून ठेवलेलं गरम राहायचं. एका लाकडाचा तीन ठिकाणी उपयोग. धूर वर जायचा तो कौलांच्या फटींतून किंवा धुराड्यातून. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढं ती कौलं सगळ्या दक्षिण महाराष्ट्रात पसरली. त्यांच्याही फटींतून धूर निघतोच. वाटेत हा धूर कामही करायचा. चुलीच्या वर टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना कीड लागायची नाही आणि वाशांना भुंगा लागायला वेळ लागायचा.

इतकं सगळं सोयीचं होतं, तर मग बिघडलं कुठं? बिघडलं ते चुलीसमोर बसणारीच्या बाबतीत. फुंकणी हातात घेऊन ओल्या लाकडाशी झगडणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत हा धूर गेला. घराची, बियाण्याची, वाशांची काळजी त्या रचनेत होती. धूर जिच्या वाट्याला येतो, तिचा विचार मात्र कुणी केला नाही. घरातल्या धुरामुळं २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे ही फक्त आजीच्या काळातली गोष्ट नाही.

धुराला वाट करून देण्याचे प्रयत्न झाले. वर्ध्याच्या मगनवाडीतून 'मगन चूल' निघाली. हैदराबादचे अभियंता एस. पी. राजू यांनी १९५३ च्या सुमारास धूर नळीनं बाहेर काढणाऱ्या चुलीवर पुस्तिका लिहिली. १९८३ मध्ये केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. या बहुतेक चुलींचं तत्त्व एकच : धुराला नळी द्या आणि ती नळी साफ ठेवा. पहिलं काम गवंडी करून गेला, दुसरं ज्याचं त्यानं करायचं होतं. ते जिथं राहून गेलं, तिथं काजळी धरून धूर पुन्हा घरात आला.

परसातला बंब, दारातली शेगडी

बंब आठवतोय ना? तांब्याचा, पितळी तोटीचा, दर दिवाळीला चिंच लावून घासलेला. त्याची रचना मोठी हुशारीची. मधून उभी नळी, तिच्या भोवती पाणी, नळीच्या तळाला जाळी. ढपल्या, करवंट्या, नारळाची सोडणं, शेणीचे तुकडे वरून टाकायचे. हवा खालून आत येते, तापते, नळीतून वर जाते आणि जाताना आणखी हवा खालून ओढून घेते. खालचं तोंड राखेनं भरलं की बंब धुमसतो. राख ओढून काढली की पुन्हा भडकतो. शाळेत न शिकता हे शास्त्र घरातल्या पोरांना यायचं, कारण सकाळी बंब पेटवायचं काम त्यांचंच.

या बंबाची जागा कधी माजघरात नसायची. न्हाणीच्या बाहेर, परसात, वर पत्र्याचा एखादा तुकडा, खाली फरशी. सरपण जवळ पण अंगाला लागून नाही. वाळत घातलेले कपडे लांब. राखेचं घमेलं बाजूला, कारण तीच राख नंतर भांड्यांना. हे नियम कुणी लिहून ठेवले नव्हते, पण मोडले की ओरडा बसायचा.

शेगडीची रीत वेगळी. लोखंडी बादलीला आतून माती लिंपलेली, मध्ये जाळी. कोळसे पेटेपर्यंत ती दारात, गॅलरीत, जिन्याच्या तोंडाशी. धूर संपून निखारे लाल झाले की मग आत. चाळीतल्या आणि भाड्याच्या एका खोलीतल्या संसाराला ही रीत सोयीची होती. पेटवायची जागा एक आणि वापरायची जागा दुसरी.

इथं एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. धूर संपला म्हणजे धोका संपला, असं मानलं जायचं. ते खरं नाही. लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साठला तर माणूस झोपेतच जातो. बाळंतिणीच्या खोलीत दारं लावून शेगडी ठेवायची पद्धत होती, तिला डॉक्टर मंडळी विरोध करतात तो याचसाठी. हिवाळ्यात खोली गरम करायला निखारे आत घेणं आजही तितकंच घातक आहे.

गल्लीतली आणि शिवारातली चूल

घरच्या विस्तवाशिवाय कोल्हापुरात चारचौघांचाही विस्तव आहे. आषाढात त्र्यंबोलीची यात्रा असते. पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाईला वाहायचं आणि मग गल्लोगल्ली जेवणं. मटणाचे हंडे घरात चढत नाहीत. रस्त्याच्या कडेला विटा-दगडांची चूल मांडली जाते. ती मांडणारा अनुभवी माणूस आधी वारा बघतो, मग चुलीचं तोंड ठरवतो. वर विजेची तार नको, बाजूला मंडपाचं कापड नको, आणि जाळाजवळ पोरं नकोत. गल्लीतलं प्रत्येक घर जेवायला असतं, म्हणून त्या धुराबद्दल कुणी तक्रार करत नाही. धूर सगळ्यांचा आणि रस्साही सगळ्यांचा.

शिवारात गेलो तर गुऱ्हाळ. काहिलीखालचं चुलवाण जमिनीत खोदलेलं, जाळ घालायचं तोंड एका अंगाला आणि धुराडं दुसऱ्या अंगाला. चिपाडं सारणारा एका बाजूला बसतो, गुळव्या काहिलीजवळ उभा असतो. दोघांपैकी कुणाच्याही तोंडावर धूर येत नाही. इतका मोठा जाळ आणि इतकी जवळ माणसं असूनही काम सुरळीत चालतं, कारण हवा कुठून येणार आणि धूर कुठून जाणार, हे खोदतानाच ठरलेलं असतं.

याच उसाच्या पाचटापासून कोळसा करायचं तंत्र पुण्याच्या 'आरती' या संस्थेनं विकसित केलं आणि त्यासाठी २००२ साली तिला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या 'सराई' कुकरमध्ये असा सुमारे १०० ग्रॅम कोळसा पाच माणसांचा स्वयंपाक करतो. निखारा नीट कोंडला आणि हवा मोजून दिली, तर किती थोड्या कोळशात भागतं, याचं हे उदाहरण आपल्या उसाच्या मुलखानं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

विस्तव ओट्यावर चढला

बदल हळूहळू झाला. स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेला प्रायमस स्टो आपल्याकडं घराघरांत पोचला. मागून वातीचे स्टो आले, रॉकेलच्या रांगा आल्या. स्वयंपाकाचा गॅस मुंबईत १९५५ मध्ये मिळू लागला आणि 'इंडेन'ची पहिली जोडणी १९६५ साली कोलकात्यात दिली गेली. कोल्हापूरच्या मध्यमवर्गीय घरात सिलिंडर यायला त्यानंतर बरीच वर्षं आणि बरेच नंबर लागले. पण तो आला आणि बाई चुलीपुढून उठून ओट्यापाशी उभी राहिली. धुराचं ओझं तिच्यावरून उतरलं. आपल्या घरांच्या इतिहासातला हा मोठा बदल आहे, आणि 'चुलीवरचं ते चुलीवरचंच' असं म्हणताना आपण तो विसरता कामा नये.

गॅसमुळंच आपल्यासारख्या इमारती शक्य झाल्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्याच्या आधारानं शहरोशहरी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. एकावर एक घरं आली. परसू गेलं, धुराडं गेलं. बंब काही दिवस गॅलरीत टिकला. मग गीझर आला, गच्चीवर सोलर बसला आणि बंब मोडीत गेला. बांधकामाच्या नकाशात निखाऱ्याला जागा उरली नाही. आपल्याही नकाशात ती नाही, आणि यात कुणाची चूक नाही. निखारा पुन्हा येईल, असं तेव्हा कुणाला वाटणार?

रांजणासारखी ग्रिल

तो आला, आणि तोही जपानमार्गे अमेरिकेतून. जपानी भाषेत चुलीला 'कामाडो' म्हणतात. भात शिजवायची त्यांची झाकणाची मातीची चूल दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं असलेल्या अमेरिकी सैनिकांना आवडली आणि त्यांनी ती मायदेशी नेली. १९७४ मध्ये अटलांटा शहरात 'बिग ग्रीन एग' ही कंपनी सुरू झाली आणि मातीऐवजी टिकाऊ सिरॅमिकच्या ग्रिल बनू लागल्या. आकार अंड्यासारखा, आपल्या भाषेत रांजणासारखा. खाली हवेची झडप, वर हवेची झडप. बंब ज्यांनी पेटवलाय, त्यांना ही ग्रिल पाच मिनिटांत समजेल. खालून हवा, वरून धूर, आणि दोन्ही झडपा बंद केल्या की निखारा गुदमरतो.

आपल्या सोसायटीत अशी एक ग्रिल आली. गॅलरीत ठेवली गेली. वरच्या मजल्यावरून धुराची तक्रार झाली. सभेत दोन्ही बाजूंनी बरंच बोलणं झालं आणि विषय पुढं ढकलला गेला. ग्रिल आणणाऱ्यांचं म्हणणं, माझी गॅलरी, माझा खर्च. वरच्यांचं म्हणणं, आमच्या घरात दम्याचं माणूस आहे. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. फरक एवढाच की वाड्यात धूर त्याच घरातल्या बाईच्या वाट्याला जायचा, आणि फ्लॅटमध्ये तो वरच्या घराच्या वाट्याला जातो. जेवणार एक आणि धूर खाणार दुसरा, ही अडचण जुनीच आहे. फक्त माणूस बदललंय.

म्हणून भांडण बाजूला ठेवून, जुन्या माणसांनी विचारले असते तेच प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न, ओझं कुणावर? मोठी सिरॅमिक ग्रिल ७० किलोच्या पुढं भरते. स्टँड, कोळसा आणि भोवती तीन माणसं धरली की अडीचशे-तीनशे किलो एका कोपऱ्यात येतात. आपल्याकडच्या मानकानुसार राहत्या घराच्या गॅलरीसाठी दर चौरस मीटरला साधारण ३०० किलो भार धरतात आणि लोकांचा वावर असलेल्या गच्चीसाठी साधारण १५०. हा भार सगळीकडं सारखा पसरलेला धरलेला असतो, एका कोपऱ्यातला नव्हे. तेव्हा गच्चीवरही ती मध्येच कुठंतरी न ठेवता, खाली तुळई किंवा खांब कुठं आहे ते इंजिनिअरला विचारून ठेवावी.

दुसरा, शेजारी काय? सिरॅमिक बाहेरून लाल होत नाही, म्हणून फसगत होते. आत साडेतीनशे अंशांची धग असते. झाकण झटकन उघडलं तर हवा मिळून भडका उडतो. आधी बोटभर उघडून थांबायचं असतं. लाकडावर किंवा प्लॅस्टिकवर ती थेट ठेवायची नसते. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संहितेत, अनेक कुटुंबांच्या इमारतीत अशी ग्रिल गॅलरीत, छज्जाखाली किंवा इमारतीपासून १० फुटांच्या आत पेटवायला मनाई आहे. जिथं ती घराघरांत आहे, तिथला हा नियम. आपल्या गॅलरीत वर छज्जा, बाजूला कपड्यांच्या दोऱ्या आणि एसीचं यंत्र. गॅलरीची जागा इथंच बाद होते. पार्किंगमध्ये गाड्यांच्या टाक्यांत पेट्रोल असतं, म्हणजे तीही बाद. आणि केशवराव भोसले नाट्यगृहाची राखरांगोळी ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपण सगळ्यांनी पाहिलीय. १९१५ सालची वास्तू एका रात्रीत गेली. आगीची धास्ती म्हणजे भित्रेपणा, असं कोल्हापुरात आता कुणी म्हणू नये.

तिसरा, धूर कुठं जाणार? उरली गच्चीची जागा. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या टाक्या, सोलरच्या नळ्या आणि जिन्याचं दार यांपासून लांबचा मोकळा कोपरा. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, हिवाळ्यात बऱ्याचदा पूर्वेचा. म्हणून कोपरा एकदाच ठरवून भागत नाही. पेटवण्याआधी उदबत्ती लावून धूर कुठं जातो ते बघावं. खाली शहाबादी फरशी किंवा पेव्हर ब्लॉक, म्हणजे निखारा पडला तरी कोबा आणि चायना मोझॅक तडकणार नाही. एकदा ते तडकलं की पावसाळ्यात वरच्या मजल्याचं छत गळतं आणि खर्च सगळ्यांच्या वर्गणीतून जातो. पावसात भिजलेली ग्रिल एकदम तापवली तर तीही तडकते, म्हणून तिला झाकण हवं.

चौथा, राखणार कोण? चुलीला, बंबाला, चुलवाणाला नेहमी एक नेमका माणूस असायचा. ग्रिललाही हवा. निखारा विझेपर्यंत त्यानं गच्ची सोडायची नाही. जवळ पाण्याची बादली आणि वाळू. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावरच कचऱ्यात.

गच्ची सगळ्या सभासदांची आहे. कार्यक्रमासाठी ती तात्पुरती वापरायची तर आधी लेखी अर्ज करून परवानगी घ्यायची, ही वाट उपविधींत आहेच. तिच्यात एवढीच भर घालावी : ग्रिल पेटवायची त्याच्या आदल्या दिवशी वरच्या दोन मजल्यांना सांगायचं, आणि कुणाच्या घरी आजारी माणूस असेल तर दिवस बदलायचा. रोजचा रिवाज बदलणं आपल्या गावाला नवं नाही. होळीत जाळायच्या शेणी पंचगंगा स्मशानभूमीला दान करायची प्रथा याच कोल्हापुरानं रुजवली. विस्तव तोच, जागा बदलली, आणि सगळ्यांच्या संमतीनं बदलली.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय पुन्हा निघेल. तेव्हा गॅलरी कुणाची, यावर वेळ न घालवता गच्चीवरची जागा, वेळ आणि जबाबदार माणूस ठरवावा, एवढीच विनंती. आणि पहिला कार्यक्रम सगळ्यांचा मिळून ठेवावा. गल्लीतल्या जेवणासारखा, म्हणजे धूरही सगळ्यांचा आणि ताटही सगळ्यांचं.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवी वर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.